पोर्तुगालची वाइन ओळखताना : समुद्रापासूनचे अंतर मोजत चला

वाइनविषयी नव्याने उत्सुकता वाटू लागलेला मराठी वाचक बहुधा द्राक्षांच्या नावांपासून सुरुवात करतो. नाशिकजवळच्या एखाद्या वाइनरीत त्याने शिराझ, शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां ही नावे ऐकलेली असतात आणि बाटली हातात घेतली की द्राक्षाचे नाव शोधायचे, ही सवय त्याला तिथेच लागलेली असते. पोर्तुगालच्या बाटलीपुढे ही सवय फारशी उपयोगी पडत नाही. त्या देशात द्राक्षांच्या २५० हून अधिक स्थानिक जाती आहेत, त्यांतील कित्येकींना एका खोऱ्यात एक आणि दुसऱ्या खोऱ्यात दुसरेच नाव आहे, शिवाय तिथली पारंपरिक वाइन बहुधा अनेक जातींच्या मिश्रणातून होते. नावे पाठ करून या देशात शिरणारा माणूस पहिल्या आठवड्यातच दमतो. म्हणून या लेखात वाट उलटी धरली आहे. आधी जमीन, डोंगर आणि समुद्र समजून घ्यावेत. द्राक्षांची नावे मागाहून आपोआप लक्षात राहतात.

पहिली पायरी : नकाशा कोकण-देश पद्धतीने वाचावा

पोर्तुगाल हा सुमारे ९२,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही लहान देश आहे. त्याची सगळी पश्चिम बाजू अटलांटिक महासागराला लागून आहे आणि पावसाचे ढग तिकडूनच येतात. उत्तरेत किनाऱ्यापासून काही अंतरावर मारांवची डोंगररांग उभी आहे. ढग आपले पाणी या रांगेच्या समुद्राकडील बाजूस रिते करतात आणि पलीकडचे खोरे कोरडे राहते. घाटाच्या एका अंगाला भातखाचरे आणि दुसऱ्या अंगाला बाजरी पाहत वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मिन्यो प्रांत म्हणजे तिथले कोकण आणि दोउरोचे खोरे म्हणजे तिथला देश, एवढे मनात धरले तरी उत्तर पोर्तुगालचे निम्मे काम झाले.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. तिकडचा पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. थंडीत वेल पाने झाडून झोपी जाते, तेव्हा तिची वर्षातून एकदाच छाटणी होते, आणि द्राक्षे साधारणपणे ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत काढली जातात. नाशिककडच्या वेलीला अशी झोप मिळत नाही, म्हणून आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. लेबलावरचे साल म्हणजे द्राक्षे तोडल्याचे साल असते, हेही इथेच नोंदवून ठेवावे.

यावरून चव ताडण्याचा एक ढोबळ नियम हाती येतो. समुद्राजवळची वाइन हलकी, आंबटसर आणि कमी मद्यांशाची असते. डोंगरामागची वाइन गडद, दाट आणि जोरकस असते. आणि आतल्या भागातही बाग उंचावर असेल तर रात्रीच्या गारव्यामुळे द्राक्षांतला आंबटपणा टिकतो व वाइन ताजी लागते. या नियमाला अपवाद आहेत, पण नवख्याने आधी नियम शिकावा.

दुसरी पायरी : बाटलीवरचे दहा-बारा शब्द ओळखावेत

पोर्तुगीज शब्द वाचायला अवघड वाटतात, परंतु गोव्यातल्या पाट्या वाचलेल्या माणसाला त्यातले बरेच ओळखीचे निघते. रोमन लिपीत आसगावच्या नावाअखेरीस येणारी ए आणि ओ ही अक्षरे जशी ‘गाव’ मधल्या ‘आव’चे काम करतात, तशीच ती दांव या वाइनप्रदेशाच्या नावातही करतात, फक्त उच्चार थोडा नाकातून येतो. एन आणि एच एकत्र आले की ‘न्य’ म्हणावे, एल आणि एच एकत्र आले की ‘ल्य’, आणि एक्सचा उच्चार गोव्याप्रमाणेच बहुधा ‘श’ होतो. एवढ्या भांडवलावर दुकानदाराशी बोलता येते.

विन्यो म्हणजे वाइन. तिंतो म्हणजे लाल, ब्रांको म्हणजे पांढरी, एश्पुमांते म्हणजे फेसाळ. सेको म्हणजे गोडवा नसलेली आणि दोसे म्हणजे गोड. किंता म्हणजे मळा किंवा वाडी, आदेगा म्हणजे वाइन करण्याची व मुरवण्याची जागा, कोल्येइता म्हणजे हंगाम. विन्यास व्हेल्यास असे लिहिलेले असेल तर वाइन जुन्या वेलींची आहे, मात्र किती जुन्या हे त्या शब्दावरून कळत नाही. रेझेर्व्हा हा शब्द चांगल्या दर्जाचा दावा करतो, पण त्यामागचे नियम सैल आहेत आणि नवख्याने त्या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नयेत. गार्राफेइरा हा शब्द त्यापेक्षा भरवशाचा आहे, कारण लाल वाइनवर तो लावायचा असेल तर ती किमान ३० महिने मुरवलेली असावी लागते आणि त्यातले १२ महिने बाटलीत गेलेले असावे लागतात.

द्राक्षाच्या वाणाला पोर्तुगीजमध्ये ‘कास्ता’ म्हणतात. हिंदुस्थानात आलेल्या पोर्तुगीजांनी इथल्या समाजव्यवस्थेलाही हाच शब्द लावला आणि त्यावरूनच पुढे इंग्रजी शब्द घडला. मराठी शेतकरीही द्राक्षाची ‘जात’ असेच म्हणतो, त्यामुळे हा शब्द आपल्याला विसरायला नको.

दर्जाच्या दृष्टीने तीन पातळ्या आहेत. सर्वांत वर डीओसी, म्हणजे ठराविक प्रदेश, ठराविक जाती आणि ठराविक पद्धत. त्याखाली विन्यो रेजिओनाल, म्हणजे मोठा प्रदेश आणि सैल नियम. आणि तळाशी नुसते विन्यो. ही उतरंड चवीची उतरंड आहे असे मात्र समजू नये. दक्षिणेतले अनेक चांगले उत्पादक परक्या जाती मिसळण्याची मुभा राहावी म्हणून मुद्दाम दुसऱ्या पातळीचे लेबल वापरतात. खात्री करायची असेल तर बाटलीच्या मानेवर किंवा मागच्या लेबलावर प्रमाणन संस्थेची क्रमांक असलेली चिकटपट्टी शोधावी.

तिसरी पायरी : पहिली बाटली विन्यो व्हेर्देची घ्यावी

देशाच्या वायव्य कोपऱ्यातला मिन्यो हा ओला, हिरवा, ग्रॅनाइटच्या जमिनीचा प्रांत आहे. १९०८ साली सीमा आखून दिलेल्या या प्रदेशातल्या वाइनला विन्यो व्हेर्दे, म्हणजे शब्दशः हिरवी वाइन म्हणतात. हिरवेपणा रंगाचा नसून कोवळेपणाचा आहे. ही वाइन ताजी असतानाच प्यायची असते. लहान शेतकऱ्यांनी पूर्वी खालच्या जमिनीत मका व भाजी पिकवता यावी म्हणून वेली झाडांवर चढवल्या किंवा उंच मांडवांवर नेल्या, आणि दमट हवेत घड जमिनीपासून दूर राहिल्याने बुरशीचा त्रासही काहीसा कमी झाला. मांडवाची ही युक्ती आपल्या बागाईतदाराला नवी नाही.

स्वस्त विन्यो व्हेर्देमध्ये किंचित बुडबुडे असतात आणि ते आज बहुधा वरून वायू घालून आणलेले असतात. उन्हाळ्याच्या दुपारी अशी वाइन वाईट लागत नाही, पण या प्रदेशाचे खरे मोल समजण्यासाठी थोडे अधिक पैसे देऊन दोन नावे शोधावीत. लिमा नदीच्या खोऱ्यातली लोरेइरो सुगंधी आणि हलकी असते, तर स्पेनच्या सीमेवरच्या मोन्सांव आणि मेल्गासो या भागातली आल्व्हारिन्यो भरदार असते व काही वर्षे टिकतेही. तळलेल्या सुरमईबरोबर किंवा कोळंबीबरोबर लोरेइरो प्यायला द्यावी. लिंबू पिळल्याचे काम ती स्वतःच करते. याच प्रदेशात विन्यांव नावाच्या द्राक्षाची जांभळी, तोंड आवळून टाकणारी लाल विन्यो व्हेर्देही होते आणि स्थानिक लोक ती पांढऱ्या वाडग्यातून आवडीने पितात. पहिल्या महिन्यात तिच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

चौथी पायरी : दोउरो आणि पोर्ट यांना पुरेसा वेळ द्यावा

मारांव ओलांडला की दोउरो नदीचे खोरे लागते. इथे नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, असे तिथले लोक म्हणतात. जमीन म्हणजे उभ्या भेगांचा, पाटीसारखे थर असलेला शिस्ट खडक. वेलीची मुळे त्या भेगांतून पाण्याच्या शोधात खोलवर जातात. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या हा खडक फोडून डोंगरउतारावर दगडी बांधांच्या पायऱ्या रचल्या आणि त्या बांधांमागे माती तयार केली. २००१ साली युनेस्कोने या खोऱ्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती या मानवी श्रमांसाठी. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना बायशो कोर्गो, सीमा कोर्गो आणि दोउरो सुपेरिओर असे तीन भाग येतात आणि प्रत्येक भाग आधीच्यापेक्षा कोरडा व उष्ण होत जातो. म्हणजे समुद्रापासूनचे अंतर मोजण्याचा आपला नियम एका खोऱ्याच्या आतही लागू पडतो.

या खोऱ्याची वाइन जगभर गेली ती इंग्रजांमुळे. फ्रान्सशी वैर असल्याने इंग्लंडला दुसरीकडून वाइन हवी होती आणि १७०३ च्या मेथ्युएन कराराने पोर्तुगालच्या वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात ठरली. मागणी वाढली तशी भेसळही वाढली. फिकट वाइनला रंग आणण्यासाठी एल्डर नावाच्या झाडाची काळी फळे त्यात मिसळू लागले. तेव्हा पुढे पोंबालचा मार्केस म्हणून प्रसिद्ध झालेल्या मंत्र्याने १७५६ साली सरकारी सनदेची कंपनी स्थापन केली, चांगल्या बागांच्या सीमा आखून तिथे ग्रॅनाइटचे खांब रोवले आणि ती एल्डरची झाडेही उपटायला लावली. कायद्याने सीमांकन झालेल्या जगातल्या सर्वांत जुन्या वाइनप्रदेशांत दोउरोची गणना होते.

आता या खोऱ्यातली पोर्ट ही गोड, जोरकस वाइन कशी होते ते पाहावे, कारण ते समजल्याशिवाय तिचे प्रकार समजत नाहीत. द्राक्षे चुरगाळून आंबवायला ठेवली की यीस्ट साखर खाऊन मद्यार्क तयार करते. साखर साधारण निम्मी संपली की रस ७७ टक्के मद्यार्क असलेल्या द्राक्षाच्या स्पिरिटमध्ये मिसळतात. त्यामुळे यीस्ट मरते, उरलेली साखर तशीच राहते आणि वाइन गोड व बहुधा १९ ते २२ टक्के मद्यार्काची होते. पारंपरिक प्रमाण ४३५ लिटर रसाला ११५ लिटर स्पिरिट असे आहे आणि दोन्ही मिळून ५५० लिटरचे एक ‘पिपा’ भरते. आपल्या घरातले पाण्याचे पिंप याच पोर्तुगीज शब्दावरून आले आहे. आंबण्याची क्रिया दोन-तीन दिवसांतच थांबवायची असल्याने सालीतला रंग झटपट उतरावा लागतो. म्हणून ग्रॅनाइटच्या उथळ हौदांत माणसे एका रांगेत उभी राहून पायांनी द्राक्षे तुडवतात. पायाखाली साल फाटते पण बी फुटत नाही, त्यामुळे कडवटपणा येत नाही. आज हे काम बहुतेक ठिकाणी यंत्रे करतात, तरी काही उत्तम पोर्टसाठी पायांनी तुडवण्याची रीत अजूनही सुरू आहे.

वाइन तयार झाली की ती खोऱ्यातल्या उष्णतेत न ठेवता नदीच्या मुखाशी, पोर्तो शहरासमोरच्या व्हिला नोव्हा दि गाया या गावातल्या थंड, दमट कोठारांत मुरवायची प्रथा होती. सपाट तळाच्या राबेलो होड्यांतून पिंपे खाली येत. नदीवर धरणे झाल्यावर आणि रस्ते सुधारल्यावर होड्या गेल्या. आता त्या गायाच्या धक्क्यावर जाहिरातीसाठी उभ्या असतात.

पोर्ट विकत घेताना एकच प्रश्न विचारावा : ही वाइन लाकडात मुरली की बाटलीत? मोठ्या टाकीत थोडा काळ राहून रंग व फळाची चव टिकवलेली ती रुबी. लहान पिंपांत वर्षानुवर्षे राहून हवेच्या संथ स्पर्शाने तांबूस झालेली, अक्रोड आणि अंजिराची आठवण करून देणारी ती टॉनी. टॉनीवर बहुधा १०, २०, ३० किंवा ४० वर्षे असे लिहिलेले असते. तो आकडा मिश्रणाची धाटणी सांगतो, त्यातला प्रत्येक थेंब तेवढा जुना असतो असे नाही. एकाच हंगामाची आणि किमान सात वर्षे लाकडात राहिलेली टॉनी कोल्येइता म्हणून विकली जाते. उत्तम सालातली पोर्ट दोन ते तीन वर्षांतच बाटलीत भरून पुढची काही दशके तिथेच मुरू दिली, तर ती व्हिंटेज होते. २०११, २०१६ आणि २०१७ ही अलीकडची अशी साले आहेत. चार ते सहा वर्षे लाकडात ठेवून मग बाटलीत भरलेल्या एकाच सालाच्या पोर्टला एलबीव्ही (लेट बॉटल्ड व्हिंटेज, म्हणजे उशिरा बाटलीत भरलेली) म्हणतात आणि ती लगेच पिता येते. नवख्याने व्हिंटेजच्या मोहात पडू नये. ती महाग असते, तरुण असताना तुरट लागते, तळाशी साका धरत असल्याने उभी ठेवून गाळावी लागते आणि उघडल्यावर दोन-तीन दिवसांत संपवावी लागते. दहा किंवा वीस वर्षांची टॉनी थोडी थंड करून, जेवणानंतर लहान पेल्यातून घ्यावी; तिच्याइतकी सुखाची सुरुवात दुसरी नाही.

गोव्याच्या दुकानांत ‘पोर्ट’ नावाने मिळणाऱ्या गोड वाइनने पुष्कळांच्या मनात या शब्दाची पक्की कल्पना करून दिलेली असते. तिचा दोउरोच्या खोऱ्याशी संबंध नाही. तिची गोडी ज्यांना आवडते त्यांनी ती जरूर घ्यावी, पण तिच्यावरून पोर्टविषयी मत बनवू नये.

याच खोऱ्यात, याच द्राक्षांपासून, स्पिरिट न मिसळता केलेली साधी लाल वाइनही होते. फेर्रेइरा कंपनीतल्या फेर्नांदो निकोलाउ दि आल्मेइदा यांनी १९५२ च्या हंगामात बार्का व्हेल्या ही वाइन करून दाखवली, तेव्हा दोउरोत पोर्टखेरीज मोठी वाइन होऊ शकते हे लोकांना पटले. तरीही ही वाट रुळायला पुढची चाळीसएक वर्षे लागली. लेबलावर तोरीगा नासिओनाल, तोरीगा फ्रांका आणि तिंता रोरीश ही तीन नावे दिसली तर घरची द्राक्षे वापरली आहेत असे समजावे.

पाचवी पायरी : दांव आणि बायराडा शेजारी ठेवून चाखावेत

या दोन प्रदेशांच्या दोन बाटल्या एकाच संध्याकाळी उघडल्या तर समुद्रापासूनच्या अंतराचा अर्थ जिभेला कळतो. दांव हे चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेले ग्रॅनाइटचे पठार आहे. सेर्रा दा एश्त्रेला आणि कारामुलो या रांगा एकीकडून आतल्या भागातला कडाका आणि दुसरीकडून समुद्राचा पाऊस अडवतात. पाइनच्या जंगलात विखुरलेल्या लहान बागांतून इथे नाजूक, सुगंधी लाल वाइन होते. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत इथली द्राक्षे विकत घेण्याचा हक्क सहकारी संस्थांपुरताच मर्यादित केला गेला आणि दर्जा अनेक वर्षे खालावला. १९८६ साली पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेल्यावर ही मक्तेदारी टिकली नाही आणि मळेवाल्यांनी स्वतःच्या नावाने बाटल्या भरायला सुरुवात केली. सहकाराचे गुण आणि दोष दोन्ही जवळून पाहिलेल्या महाराष्ट्राला ही गोष्ट अपरिचित वाटणार नाही. दांवची एन्क्रुझादो जातीची पांढरी वाइन मला तिथल्या लाल वाइनपेक्षाही सरस वाटते आणि तिची किंमत अजून तिच्या योग्यतेला पोहोचलेली नाही.

बायराडा मात्र समुद्राकडे तोंड करून आहे. जमीन चिकणमातीची व चुनखडीची आणि मुख्य द्राक्षाचे नाव ‘बागा’. गोव्याचा किनारा आठवला तरी हरकत नाही, पण पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा अर्थ बोराएवढे फळ असा आहे. हे द्राक्ष उशिरा पिकते, शरदातल्या पावसात सापडते, आणि त्याची वाइन आंबट व तुरट असते. दहा वर्षांनी तीच वाइन आश्चर्यकारक मऊ होते. तिकडे ती भाजलेल्या डुकराच्या पिलाबरोबर पितात, कारण चरबी तुरटपणाला मऊ करते. तिखट रश्श्याबरोबर बागा मुळीच उघडू नये, कारण मिरचीचा जाळ आणि वाइनचा तुरटपणा एकमेकांना वाढवतात. याच आंबटपणामुळे बायराडात फेसाळ वाइन चांगली होते आणि ती स्वस्तही असते.

सहावी पायरी : लिस्बनच्या आसपास फार रेंगाळू नये, पण कोलारेशला थांबावे

लिस्बन, तेजो आणि सेतूबाल या पट्ट्यात रोजच्या जेवणातली सरळ, स्वस्त वाइन मोठ्या प्रमाणावर होते. सेतूबालची गोड मोश्कातेल नारिंगाच्या सालीसारखी सुगंधी असते आणि आपल्याकडच्या मिठाईच्या ताटाबरोबर ती बरी जाते. एवढे सांगून इथून पुढे जाता येते, फक्त सिंत्राजवळच्या कोलारेशकडे दुर्लक्ष करता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाची सूक्ष्म कीड अमेरिकेतून युरोपात आली आणि वेलींच्या मुळांवर जगून तिने बागाच्या बागा मारल्या. उपाय एकच निघाला : मुळे अमेरिकी जातीची ठेवायची आणि वर युरोपीय जातीचे कलम बांधायचे. आज नाशिक-सांगलीकडे खुंटावर डोळे भरतात, ती याच कुळातली युक्ती आहे. कोलारेशच्या वेली मात्र समुद्रकाठच्या वाळूत लावलेल्या होत्या आणि वाळूत ही कीड जगत नाही, म्हणून तिथली रामिश्को ही जात आजही स्वतःच्या मुळांवर उभी आहे. वेल लावताना वाळू कित्येक फूट उकरून खालच्या चिकणमातीपर्यंत जावे लागते. लिस्बनच्या वाढत्या वस्तीने या बागांना चहूकडून रेटले आहे आणि आता फारच थोडे क्षेत्र उरले आहे. बाटली दिसली तर घ्यावी.

सातवी पायरी : आलेन्तेजोत रांजण आणि बूच पाहावे

तेजो नदीच्या दक्षिणेला देशाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग व्यापणारा आलेन्तेजो हा उन्हाने भाजलेला, अल्प वस्तीचा सपाट प्रदेश आहे. इथली लाल वाइन पिकलेली, मऊ आणि पहिल्या घोटातच आवडणारी असते. उपाहारगृहांत ती सर्वत्र मिळते. आरागोनेझ हे नाव दिसले तर ते दोउरोतले तिंता रोरीशच आहे, हे ओळखावे. पांढऱ्यात आंतांव वाझ हे द्राक्ष शोधावे. उत्तरेकडे पोर्तालेग्रेच्या डोंगरावर बागा उंच चढतात आणि तिथे वाइन एकदम सडसडीत होते. उंचीचा नियम तपासायचा तर ही बाटली घ्यावी.

विदिगेइरा आणि व्हिला दि फ्रादेश या गावांत मातीच्या प्रचंड रांजणांत वाइन करण्याची रोमन काळापासूनची परंपरा आहे. रांजणाला ताल्या म्हणतात आणि त्याला आतून पाइनच्या राळेचा लेप देतात. चुरगाळलेली द्राक्षे सालींसकट त्यात आंबतात, वर येणारा चोथा दिवसातून अनेकदा दांड्याने खाली दाबतात, आणि सगळे तळाशी बसले की रांजणाच्या बुडाजवळच्या भोकातून वाइन त्याच चोथ्यातून गाळली जाऊन बाहेर येते. ११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी, रांजण उघडतात. लेबलावर विन्यो दि ताल्या असे शब्द पाहावेत.

जगातले सुमारे निम्मे बूच पोर्तुगालात निघते आणि त्यातले बरेचसे इथल्या ओक वृक्षांपासून मिळते. (आपल्या रस्त्यांवर पांढरी सुगंधी फुले ढाळणारे बुचाचे झाड ते हे नव्हे.) झाड साधारण पंचवीस वर्षांचे झाले की पहिल्यांदा साल काढतात, मग दर नऊ वर्षांनी, आणि बाटलीच्या बुचाच्या योग्यतेची साल तिसऱ्या खेपेला मिळते. सोललेल्या खोडावर रंगाने एक अंक लिहिलेला असतो. साल ज्या वर्षी काढली त्या वर्षाचा तो शेवटचा अंक असतो. चार दिसला तर २०२४.

आठवी पायरी : बेटांवरची वाइन शेवटी, पण सावकाश

मदेइरा हे अटलांटिकमधले ज्वालामुखी बेट आहे. उतारावर पायऱ्यांची शेती, डोंगरातून पाणी आणणारे पाट आणि मांडवावरच्या वेली असे इथले चित्र आहे. जहाजांतून लांबच्या प्रवासाला निघालेली इथली पिंपे उष्ण कटिबंधातून दोनदा जाऊन परत आली तेव्हा आतली वाइन नासण्याऐवजी सुधारलेली आढळली. मग हिंदुस्थानच्या फेरीवर जाणाऱ्या जहाजांत मुद्दाम पिंपे पाठवू लागले आणि त्या वाइनला विन्यो दा रोदा, म्हणजे फेरीची वाइन, असे नाव पडले. पुढे हाच परिणाम घरी साधायला ते शिकले. साध्या मदेइराची टाकी ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने तापवतात, तर उत्तम मदेइरा छपराखालच्या माळ्यावर उन्हाच्या उबेत वर्षानुवर्षे पिंपात ठेवतात.

उष्णता आणि हवा या वाइनच्या दोन शत्रूंनी आधीच आपले काम केलेले असल्याने मदेइराची उघडी बाटलीही महिनोन्‌महिने बिघडत नाही. मुंबईच्या हवेत राहणाऱ्या आणि एका वेळी अर्धा पेलाच पिणाऱ्या माणसासाठी याहून सोयीची वाइन नाही. लेबलावरची चार द्राक्षे गोडीच्या चढत्या क्रमाने लक्षात ठेवावीत : सेर्सियाल, व्हेर्देल्यो, बोआल, माल्व्हासिया. ही नावे नसतील तर वाइन बहुधा तिंता नेग्राची असते.

याच बेटावर मांस वाइन आणि लसणीत मुरवून शिजवण्याची रीत आहे आणि तिला विन्या दाल्योस म्हणतात. गोव्यात वाइनची जागा व्हिनेगरने घेतली, वर मिरची चढली आणि विंदालू झाले. त्यातला ‘आलू’ बटाट्याचा नसून लसणीचा आहे.

असोर्स द्वीपसमूहातल्या पिको बेटावर काळ्या लाव्हाच्या दगडांच्या भिंतींनी केलेल्या लहान चौकोनांत, खाऱ्या वाऱ्यापासून जपून, वेली वाढवतात. २००४ साली युनेस्कोने या बागांनाही वारसा म्हणून स्वीकारले. तिथल्या पांढऱ्या वाइनला मिठाची झाक असते, परंतु ती महाग आहे आणि दुसऱ्या वर्षीचा अभ्यास म्हणून ठेवलेली बरी.

नववी पायरी : ओतणे, जपणे, आणणे

लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी आहे. आपल्या मे महिन्यातल्या खोलीत ती उकळल्यासारखी लागते. दोउरो किंवा आलेन्तेजोची बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर आणावी, विन्यो व्हेर्दे ८ ते १० अंशांवर आणि टॉनी १२ ते १४ अंशांच्या आसपास. उघडलेली साधी वाइन बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस, रुबी एक-दोन आठवडे आणि टॉनी महिनाभर बरी राहते.

परदेशातून येताना भारताच्या जकातीत माणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येते, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आणि वर थोडी जागा. दोनच निवडायच्या असतील तर एक वीस वर्षांची टॉनी आणि एक दांवची एन्क्रुझादो घ्यावी. स्वस्त विन्यो व्हेर्दे उचलून आणू नये. तिचे ताजेपण सामानात टिकत नाही.

प्रत्यक्ष जायचे झाल्यास गायातल्या कोठारांना एक दिवस पुरतो, खोऱ्याला किमान दोन. खोऱ्यात स्वतः गाडी चालवून वाइन चाखत फिरू नये. रस्ते वळणाचे आहेत आणि रक्तातल्या मद्यार्काची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे. पोर्तोहून खोऱ्यातल्या पिन्यांव या गावाला जाणारी आगगाडी पकडावी आणि जाताना उजवीकडची खिडकी धरावी. पहिला तासभर नदी दिसत नाही, पण एकदा रूळ पाण्याशेजारी आले की दोन्ही काठांवरच्या दगडी पायऱ्या शेवटपर्यंत साथ करतात. पिन्यांवच्या फलाटावर उतरल्यावर घाई न करता भिंतीवरच्या निळ्या-पांढऱ्या फरशा पाहाव्यात. तोडणी, टोपल्या, तुडवणी आणि होड्या असा सगळा हंगाम त्यांवर चितारलेला आहे.